खुर्चीखालची पुडी आणि घराण्याची पांढरी बट

नाशिक,
मंगळवार, शाळेतून आल्या आल्या

ती. कुसाआत्यांना,

उज्वलाचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिलं, कारण तो तुमचा मान आहे. पुढे पत्रभर मी कुठेही वाकलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.)

तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल चोळता, की बाटली देवघराशेजारी ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? सटाण्याला थंडी जास्त असेल, पहाटे मळ्यात अनवाणी जाऊ नका. यानंतर ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहायची रीत आहे, पण रविवारी आप्पांनी तुम्हाला फोनवर इकडचं क्षेम सविस्तर सांगितलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे, म्हणून ती ओळ गाळते. मी फोन का केला नाही, तर फोनवर तुम्ही मला ‘हो’ आणि ‘बरं’ यापुढे जाऊ देत नाही, आणि तिसरा शब्द निघालाच तर आप्पा पेपर खाली करून कान देतात. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आपल्या पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसचा टेम्पो उद्या सटाण्याकडे येतो आहे, त्याच्याबरोबर पाठवते.

आता तक्रार अशी की, तुमचे धाकटे भाऊ, माझे सासरे आणि आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष श्री. रंगनाथराव, म्हणजे आपले आप्पा, हे तिन्ही एकच गृहस्थ आहेत. त्यामुळे सासऱ्यांची तक्रार अध्यक्षांकडे न्यावी तर तिथेही तेच बसलेले. उरलात तुम्ही. तुमचा निरोपही पोचला, की मोठ्या माणसाचा मान राखावा, कागदावर सही करून मोकळं व्हावं. आत्या, मी सही करणार नाही. का करणार नाही ते नीट वाचा, चष्मा लावून.

नववीला विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, डीएनए म्हणजे काय, वगैरे. हा धडा मी इतकी वर्षं फळ्यावर वाटाण्याची झाडं काढून शिकवते आणि मुलं तो वाटाण्यासारखीच गिळतात. यंदा ठरवलं की शाळेत एक लुटुपुटूचा गुन्हा घडवायचा, पुरावे पेरायचे आणि मुलांनी बोटांचे ठसे, केस आणि आनुवंशिक गुण तपासून गुन्हेगार शोधायचा. गुन्हा काय, तर विज्ञान प्रदर्शनाचा करंडक चोरीला गेला. जागा, अध्यक्षांची केबिन. (ती वर्षभर बंदच असते. आत एक मोठी खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल, आणि भिंतीवर तुमच्या वडिलांची, म्हणजे संस्थापक आबांची तसबीर. टॉवेल दर सोमवारी बदलतात. खुर्चीवर कोणी बसत नाही, तरी बदलतात.)

संशयित म्हणून पाच जण घेतले: मुख्याध्यापक दिवाकर सर, पीटीचे सर, ऑफिसातले क्लार्क, मी स्वतः, आणि पाचवे आप्पा. आप्पांना मी विचारूनच घेतलं होतं. त्यांना तो सत्कारच वाटला. शाईत बोटं बुडवून ठसे दिले ते अगदी जाहीरनाम्यावर सही करावी तसे दिले, आणि ‘विज्ञाननिष्ठ पिढी’ या विषयावर मुलांना थोडं मार्गदर्शनही केलं. मुलांनी त्यांच्या कानाच्या पाळ्या तपासल्या, जीभ वळवून दाखवायला सांगितली, जिभेवर कागदाची ती खास पट्टी ठेवली. ही पट्टी काहींना कडूजहर लागते, काहींना काहीच लागत नाही, आणि ते ज्याच्या त्याच्या रक्तात आईबापांकडून आलेलं असतं. दिवाकर सरांनी तोंड इतकं वाकडं केलं की पोरं हसून लोळली. आप्पा म्हणाले, “कागदासारखा कागद आहे.” (घरी मी कारल्याची भाजी केली की ती कडू झाल्याचं त्यांना नेमकं कसं कळतं, हा प्रश्न मी त्या वेळी गिळला.) चिठ्ठ्या टाकून चोर ठरवला होता तो दिवाकर सरांना. हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. माझी चूक झाली असेल तर ती एकच, मी कालनिर्णय बघितलं नाही. गुन्ह्याची जागा सजवली तो दिवस अमावस्येचा निघाला. आता सजावट काय होती ते सांगते, आणि ती तुम्ही माझ्या नव्हे, आप्पांच्या डोळ्यांनी बघा. फरशीवर खडूने काढलेला हातपाय पसरलेला माणूस. (चोरीच्या गुन्ह्यात आडवा माणूस कशाला, असं मीही विचारलं. पण मुलांचं म्हणणं पडलं की खडूचा माणूस नसेल तर पोलीस येतच नाहीत.) त्याच्याभोवती रक्ताचे थेंब, म्हणजे हळद आणि खायचा चुना कालवला की होतो तो लालभडक रंग. टेबलावर कोळशाची बारीक पूड, ठसे उठवायला. एका पुडीत केसांचं गुंतवळ. आणि काचेच्या ग्लासात कांद्याचा डीएनए. हा काढणं सोपं असतं. पिंपळगावच्या बाजारातला ताजा कांदा वाटायचा, त्यात मीठ आणि भांड्याचा साबण घालायचा, गाळायचं, वरून थंड स्पिरिट अलगद सोडायचं, की पांढरे तंतू हळूहळू वर येऊन तरंगायला लागतात. मला ते दृश्य फार सुंदर वाटतं.

आणि नेमके त्याच दिवशी, संस्थेची निवडणूक तोंडावर आली म्हणून, तुमचे बंधू कोणाला न सांगता आपल्या खुर्चीत जरा बसून बघायला आले.

किंकाळी पार द्वारका चौकापर्यंत गेली असेल. पीटीच्या सरांना वाटलं साप निघाला, ते काठी घेऊन धावले. आप्पा दाराबाहेर भिंतीला टेकून उभे, चपला आत, तोंडात एकच शब्द, “करणी.” मी धापा टाकत गेले, सांगितलं की आप्पा, हा नववीचा धडा आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग खडूच्या माणसाकडे, मग ग्लासाकडे. मग घाम पुसून सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, “मला ठाऊकच होतं. मुलांची परीक्षा घेत होतो.” मीही मान डोलावली. सुनेने सासऱ्यांची लाज राखायची असते, आणि त्या दिवशी मी ती राखली, हे नोंदवून ठेवा.

विषय तिथेच मिटायचा. पण आपली तेजस्विनी याच वर्गात आहे. पोरगी माझी आहे म्हणून सांगत नाही, पण तिला केर काढायला सांगितला तर ती कपाटही सरकवते. बाकीच्या गटांनी टेबलावरचे ठसे घेतले, दिवाकर सरांना पकडलं, टाळ्या वाजवल्या. तेजूचा गट मात्र खुर्ची उलटी करून बसला. खुर्चीच्या बुडाला दोऱ्याने बांधलेली एक पुडी त्यांना सापडली. काळ्या फडक्यात सुकलेलं लिंबू, उडीद, बिब्बा आणि केसांची एक बट, आणि ते सगळं बेदाण्याच्या चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीत. मुलांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, ही आयडिया सगळ्यात भारी आहे.” आत्या, ती आयडिया माझी नव्हती.

दिवाकर सरांना कुठलीही गोष्ट अध्यक्षांना कळवल्याशिवाय पाणी पचत नाही. त्यांनी कळवली. आप्पा तेव्हा एवढंच म्हणू शकले असते की पुडी माझी आहे, काढून टाका. त्यावर कोणी ब्र काढला नसता. अर्ध्या नाशिकच्या गाडीला लिंबू-मिरची लटकते आहे. पण दोन दिवसांपूर्वी विज्ञाननिष्ठ पिढीवर बोललेलं तोंड, त्यातून ते कसं निघणार? ते म्हणाले, “केबिनची किल्ली कोणाकडे असते?”

किल्ली नवसाबाईकडे असते. नवसाबाई म्हणजे आमच्या शाळेची साफसफाई करणारी बाई, तो टॉवेल बदलते ती. नवरा गेल्यापासून एकटी राबते, पोराला आयटीआयला घातलंय. तिला त्याच दिवशी ‘चौकशी होईपर्यंत घरी बसा’ असं सांगण्यात आलं. ती माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, मी त्या खुर्चीची धूळ वरल्या वर पुसते. खाली वाकायला कंबर कुठं हाय मला? आन् मला कुणाचं वाईट करायचं आसतं तर मी येवढी वर्सं फिनेल कशाला वतलं आसतं?” याहून चांगला बचाव मी कोर्टातही ऐकला नसता. पण तोवर तिच्या गल्लीत बातमी पोचली होती. शेजारची बाई तिच्या हातचं पाणी घेईना. एका लुटुपुटूच्या गुन्ह्यात मी खऱ्या बाईला गुन्हेगार करून बसले होते, आणि याचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नव्हता.

मी मुलांना काही सांगितलं नाही. मुलांनी मला सांगितलं. म्हणाली, “मॅडम, पुडी आमच्या पिशवीत सील आहे. तपासूया ना.” मग कोळशाची पूड प्लास्टिकवर फिरली आणि अंगठ्याचा एक छान, पूर्ण ठसा उठला. त्याच्या मधोमध तिरपी रेघ. संशयितांच्या कार्डांशी ताडून बघितलं, नवसाबाईचा ठसा मुद्दाम घेऊन बघितला, माझासुद्धा बघितला. तशी रेघ एकाच कार्डावर होती. द्राक्षाच्या छाटणीत कात्रीने कापलेला अंगठा तुमच्या भावाच्या हाताला आहे, तो तुम्हीच हळद भरून बांधला होता म्हणतात.

मुलं तिथे थांबली नाहीत. पुडीतली केसांची बट सूक्ष्मदर्शकाखाली गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. तेजू बराच वेळ बघत बसली आणि मग तिने स्वतःच्या कपाळावरची बट ओढून शेजारी ठेवली. आपल्या घराण्याची ती पांढरी बट तुम्हाला काय सांगायची! तेजूला जन्मापासून आहे, तुमच्या भाच्याला, रविराजला आहे (त्याने ती कॉलेजात स्टाईल म्हणून खपवली आणि मी फसले), आणि आबांच्या तसबिरीत तर चित्रकाराने नाक सरळ केलं तरी बट सोडलेली नाही. मुलांनी मोठ्या कागदावर वंशावळीचा तक्ता काढला. वर आबा, बट आहे. खाली रविराज, बट आहे. त्याखाली तेजस्विनी, बट आहे. मध्ये आप्पा, केस काळेभोर.

शनिवारी पालकांसमोर आणि संस्थेच्या मंडळींसमोर तेजूच्या गटाने हे सादर केलं. ठशाचं झालं तेव्हा आप्पा शांत होते. म्हणाले, “खुर्ची माझी, ठसा माझा असणारच.” एका पोराने नम्रपणे विचारलं की खुर्चीखाली, बांधलेल्या पुडीच्या पिशवीवर? आप्पांनी हातानेच ‘पुढे चला’ अशी खूण केली. मग तेजूने तक्त्यावर पट्टी ठेवली आणि समजावून सांगितलं की हा गुण प्रभावी आहे, असा गुण सहसा मधली पिढी गाळून पुढे जात नाही. आजोबांच्या वडिलांत आहे आणि आजोबांच्या मुलात आहे, म्हणजे आजोबांतही असायला हवा. आप्पा म्हणाले, “माझे केस उपजत काळे आहेत.” त्यावर माझ्या लेकीने, अगदी निरागसपणे, नुसतं शास्त्र म्हणून सांगितलं, “मग आजोबा, तक्त्यात दोनच ठिकाणी चूक असू शकते. एक तर तुम्ही आणि पणजोबा यांच्यामधली रेघ, नाही तर तुम्ही आणि बाबा यांच्यामधली.”

मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. रविराज उठून पाणी प्यायला गेला. आत्या, आप्पांनी त्या क्षणी कलप कबूल केला. वर्षानुवर्षं न्हाणीघराची कडी लावून जपलेलं गुपित त्यांनी एका दमात सांगून टाकलं, ब्रँडसकट. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला, खरंच सांगते. स्वतःच्या आईची आणि माझ्या सासूबाईंची अब्रू त्यांनी स्वतःच्या केसांपेक्षा मोठी मानली. पुडी मात्र कबूल केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर टाईप केलं होतं की, सदर प्रयोगात शास्त्रीय त्रुटी राहिल्याने विद्यार्थ्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा असून त्याबद्दल मी दिलगीर आहे. खाली माझ्या सहीची जागा. येत्या रविवारी संस्थेच्या सभेत तो वाचायचा. आता तुम्हीच सांगा, कुठली त्रुटी? दिलगिरीच हवी तर मी हवी तेवढी देते. अमावस्येबद्दल देते, त्या किंकाळीबद्दल देते, कलप चव्हाट्यावर आला त्याबद्दल तर जोडीने देते. पण निष्कर्ष चुकीचा म्हटला, की पुडी आप्पांनी ठेवली नाही असं होतं. आप्पांनी ठेवली नाही, तर किल्लीवालीने ठेवली असं होतं. त्या कागदावर माझी एक सही झाली की नवसाबाई जन्मभराची करणीवाली झाली. आणि ज्या मुलांनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून काही शोधलं, त्यांना मी सांगायचं की बाळांनो, बरोबर शोधलंत पण चुकीच्या माणसाचं नाव आलं? मग मी परत वाटाण्याची झाडं काढत बसते.

घरातली परिस्थिती अशी. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, तेजूमार्फत बोलतात. “तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे.” मी समोरच उभी असते. मग तेजू मला सांगते, मी तेजूला सांगते की तुझ्या आजोबांना सांग, मीठ पुढ्यात आहे. रविराजला विचारलं तू कोणाच्या बाजूने, तर तो म्हणाला द्राक्षाची गाडी भरायची आहे, आणि भल्या पहाटे पिंपळगावला गेला. (तुमच्या घराण्यातले पुरुष अशा वेळी नेमके माल भरायला जातात. हाही गुण प्रभावी दिसतो.) काल आप्पांनी दिवाकर सरांच्या तोंडून धमकी पाठवली की प्रयोगशाळेची किल्ली काढून घेऊ. घ्या म्हणावं. कांदा घरी आहे, मीठ घरी आहे, साबण घरी आहे. मी ओट्यावर शिकवीन.

आणखी काय लिहू? माझ्या बाजूने सगळं सांगून झालं. तुम्ही मोठ्या आहात, रागावलात तरी चालेल, पण सही होणार नाही.

तुमच्या भाच्याची बायको आणि तेजूची आई,
उज्वला

ता.क. पिंपळगावहून बेदाणे पाठवले आहेत. पिशवी प्लास्टिकचीच आहे, काळजी करू नका, मी पुसून दिली आहे.

ता.क. दुसरा. वर लिहिलं की सगळं सांगून झालं, ते खरं नाही. शनिवारी रात्री तेजू माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “आई, आजोबा कलप लावतात ना, मग पुडीतला केस पांढरा कसा? आणि तो माझ्या वेणीएवढा लांब का आहे?” मी तिला झोप म्हटलं. तिने कोणाला सांगितलेलं नाही, मीही नाही. आबांना अपत्यं दोनच. एकाचे केस आखूड आणि काळे. तुम्ही भावाच्या निवडणुकीला दृष्ट लागू नये म्हणून स्वतःची बट कापून बांधलीत, आणि अध्यक्ष झाले तरी भावाने मोठ्या बहिणीचं ऐकून ती खुर्चीखाली लावली. यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. मला अशी बहीण नाही, असती तर बरं झालं असतं. आप्पा माझ्या सहीसाठी हटून बसलेत ते मला वाटतं निम्मं स्वतःसाठी आणि निम्मं तुमचं नाव येऊ नये म्हणून. पण तुम्हा दोघांच्या मायेचं ओझं नवसाबाईने का उचलायचं?

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. शनिवारच्या एसटीने या. रविवारी सभेत तुम्ही उठून एवढंच सांगा की पुडी मी बांधली, भावाला मी दिली. आप्पांना समोर उभं राहून खोटं ठरवायची हिंमत या जिल्ह्यात फक्त तुमच्यात आहे. नाही आलात, तर दिवाळीला तुमचा कंगवा आमच्याकडे राहिला आहे, तो मी अजून धुतलेला नाही आणि नववीला पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक आहे. पण मी तो वर्गात नेणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून धमकी नाही, विनंती. नवसाबाईला मी सभेला बोलावलं आहे. ती म्हणाली, “माझ्या शेजारी कोण बसंल, मॅडम?” मी तिला सांगितलं आहे, आमच्या आत्या बसतील.